पात्यातला खेळ

खंडेनवमीच्या पूजेत ठेवलेला माझा खिशातला चाकू दसऱ्याच्या संध्याकाळी मोसंबी कापण्यासाठी हातात घेतला आणि पाते बाहेर काढताना तो करकरला. आवाज फार मोठा नव्हता; शेजारी बसलेल्या माणसाला तो ऐकूही आला नसता. पण सात-आठ वर्षे रोज वापरलेल्या वस्तूची कुरबुर कानांच्या आधी बोटांना कळते. पाते अर्ध्यापर्यंत नेहमीसारखे सरकले, मध्येच जरा अडले आणि पुढचे अंतर जात्यात खडा यावा तसे गेले. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. आदल्या दिवशी देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर कात्री, पेचकस, नटबोल्टचे पाने, मुलीचा लॅपटॉप आणि घरातले तीन घडीचे चाकू अशी मांडामांड झाली होती आणि आईने प्रत्येक वस्तूला हळद-कुंकू वाहिले होते. कात्रीला तिने कुंकू लावले ते दोन पात्यांच्या सांध्यावर, चाकूला लावले तेही बरोबर मधल्या खिळ्यावर. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र मुलीने तिचा हात धरला.

एरवी लोक अवजारे पूजेआधी घासूनपुसून ठेवतात. माझी साफसफाई दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला होते. आत स्वयंपाकघरात भगर शिजत असते आणि मी बाहेरच्या खोलीत परातीवर पांढऱ्या धोतराचा जुना तुकडा पसरून बसतो. ‘देवाचं कुंकू पुसतोस काय रे?’ असे आई दरवर्षी विचारते आणि ‘पुसत नाही गं, धुतो’ हे माझे उत्तरही आता ठरून गेले आहे.

आमच्या नागपूरकडे दार, डबा, दुकान आणि चाकू हे सगळे ‘खोलतात’. ‘उघडणे’ हा शब्द आम्ही मुख्यतः लिहिताना वापरतो. पुण्याच्या नातेवाइकांना त्यात हिंदीचा वास येतो आणि तो येणे चुकीचे नाही, पण या एका कामापुरता आमचा शब्द अधिक उपयोगी आहे असे माझे मत आहे. चाकू खोलणे म्हणजे त्याचे पाते बाहेर काढणे, आणि चाकू खोलणे म्हणजे त्याचा एकेक भाग सुटा करणे. पहिले खोलणे नीट होईनासे झाले की दुसऱ्याची पाळी येते, आणि दुसरे करताना चूक झाली की पहिले कायमचे बंद पडते.

नागपूरकराच्या खिशात चाकू कशाला, असे विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर संत्रे असते. संत्र्याला चाकू लागत नाही हे खरेच आहे. नागपुरी संत्र्याची साल इतकी सैल असते की देठाजवळ अंगठा घातला की ती आपसूक सुटते. चाकू लागतो तो मोसंबीला, पार्सलच्या चिकटपट्टीला, कुंडीतल्या मोगऱ्याच्या वाळक्या काडीला आणि सुतळीच्या त्या गाठीला, जी बांधणाऱ्याने पुन्हा कधी सुटू नये याच हेतूने मारलेली असते. मोसंबीचा रस पात्यावरून ओघळत सांध्यात शिरतो, त्यातले पाणी उडून जाते, साखर मागे राहते आणि खिशातल्या कापडाची कसपटे त्या साखरेला येऊन चिकटतात.

गंजाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती मला उशिरा कळली. पावसाळ्यात गंज चढतो हे सर्वांना ठाऊक असते. मी मात्र माझ्या चाकूवर गंजाचे पहिले ठिपके पाहिले ते मे महिन्यात, बाहेर ४५ अंश तापमान आणि दुपारची हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली असताना. चाकू कूलरच्या खिडकीत ठेवलेला होता. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेरचे जग कोरडेठाक असले, तरी कूलर लावलेली खोली ही एक खासगी श्रावणच असते आणि वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून आलेला वारा रात्रभर त्या पोलादावर वाहत होता. चाकू स्टेनलेस होता, म्हणून माझा आधी विश्वास बसेना. पुढे समजले ते असे की स्टेनलेस पोलादात १०.५ टक्क्यांहून अधिक क्रोमियम असते, हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो, आणि हा थर खरवडला गेला तरी प्राणवायू मिळाला की तो पुन्हा भरून येतो. अडचण नेमकी सांध्यात असते. तिथे ओल साचते, हवा खेळत नाही, थर भरून येत नाही आणि वरून आरशासारखे दिसणारे पाते खिळ्याभोवती आतून खाल्ले जाते. वरून पुसून आणि तेलाचा थेंब सोडून भागत नाही, तो चाकू खोलावाच लागतो, याचे खरे कारण हे आहे.

पाटावरच्या तीन चाकूंपैकी खोलता येण्याजोगा मात्र एकच आहे.

पहिला बाबांचा. बाबा मोतीबागेतल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि हा चाकू त्यांनी इतवारीच्या लोहाओळीतून माझ्या जन्माच्याही आधी घेतला होता. मुठीला दोन्ही बाजूंनी शिसवाच्या फळ्या, पाठीला पोलादी पट्टीची स्प्रिंग आणि सगळे पितळी रिवेटांनी ठोकून एकजीव केलेले. या प्रकारात पाते अडकवणारा खटका नसतो. पात्याच्या बुडाला चपट्या कडा असतात, त्यांवर पाठीची स्प्रिंग दाबून बसते आणि तिच्या जोरावरच पाते उघडे किंवा मिटलेले राहते. एका खिळ्याभोवती पाते फिरवून ते मुठीत मिटवण्याची कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातल्या हॉलस्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्याच काळाच्या आगेमागे आपल्याकडे पेंच नदीकाठी नायकुंडला लोखंड गाळले जात होते आणि तिथली भट्टी उत्खननात सापडलेली आहे, त्यामुळे लोखंड आणि त्याचा गंज या दोन्हींशी आमची ओळख काही कालपरवाची नाही.

बाबांनी हा चाकू कधीही खोलला नाही. रिवेट काढायचा म्हणजे तो छिन्नीने उडवायचा किंवा ड्रिलने पोखरायचा, आणि मग नवा ठोकायचा. पूर्वीसारखा तो बसेलच याची खात्री नाही. त्यांची पद्धत साधी होती. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकायचे, चाकू बुडवून पाण्यातच पाते वीस-पंचवीस वेळा उघडमीट करायचे, स्वच्छ पाण्यातून काढायचे, गच्चीवरच्या उन्हात उघडा ठेवून खडखडीत वाळवायचे आणि मग खिळ्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. स्विस सैनिकी चाकूही असाच रिवेट केलेला असतो. कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये नोंदवलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूपासून आजपर्यंत त्याची मूळ ठेवण तीच आहे आणि तो बनवणारी व्हिक्टोरिनॉक्स कंपनीही कोमट पाणी आणि तेल हाच उपाय सांगते. हे मी वाचले तेव्हा बाबा नव्हते, नाहीतर त्यांना दाखवले असते.

‘खेळ’ हा शब्द मी त्यांच्याकडून शिकलो. उघडलेले पाते चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहायचे. जेवढे हलेल तेवढा त्याच्यात खेळ. त्यांच्या चाकूत असा खेळ वाढला तेव्हा त्यांनी रिवेटचे डोके ऐरणीच्या तुकड्यावर टेकवून दुसऱ्या बाजूने हातोडीचे हलके ठोके दिले, म्हणजे पितळ किंचित पसरते आणि फटी मिटतात. एक ठोका जास्त पडला. पाते असे आवळले गेले की आईला ते उघडेना, मला उघडेना आणि स्वतः बाबांनाही दोन्ही हात लावावे लागले. पुढचे आठ-दहा दिवस कामावरून आल्यावर चहा पिता पिता ते चाकू उघडमीट करीत बसत, मधून मधून तेल सोडत, आणि हळूहळू तो पुन्हा मोकळा झाला. खेळ कमी करता येतो, पण पार नाहीसा केला तर वस्तूच चालत नाही, एवढे मला तिसरी-चौथीत असताना त्या आवाजावरून कळले होते. त्याचे माप मात्र अजूनही दरवर्षी नव्याने शोधावे लागते.

दुसरा चाकू ओपिनेल, एका मित्राने फ्रान्सहून आणलेला. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये सॅव्हॉय प्रांतात बनवला आणि पाते पक्के अडकवणारे त्याचे फिरते कडे १९५५ मध्ये आले. माझा आठ नंबरचा, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर पात्याचा आणि साध्या कार्बन पोलादाचा आहे, त्यामुळे मोसंबीने त्यावर निळे-काळे डाग पडलेले आहेत. ते मी घालवत नाही, कारण तो गंज नाही आणि खालच्या पोलादाचे तो थोडेबहुत रक्षणच करतो. याचे कडे काढता येते, पण पात्याचा खिळा ठोकून बसवलेला असतो. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, आणि नागपूरचा जुलै त्या लाकडाला मानवत नाही. लाकूड फुगते आणि पाते आत असे रुतते की नखाने निघत नाही. अशा वेळी मुठीचे टोक टेबलावर आपटायचे, की पाते जरा बाहेर डोकावते. सॅव्हॉयचे शेतकरीही हेच करत आले आहेत.

इथे तेलाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण विदर्भात ती चूक करणे फार सोपे आहे. आमच्या घरात जवसाचे तेल असते. ते लाकडाला उत्तम, कारण हवेशी संयोग पावून ते सुकते आणि लाकडाच्या रंध्रांत एक चिवट थर धरते. ओपिनेलच्या मुठीवरचे मूळ रोगण पॉलिश-कागदाने काढून मी तिला जवसाचेच तेल पाजले आहे. पण जो गुण लाकडाला तारतो तोच सांध्याला मारतो. खिळ्यात गेलेले जवसाचे तेल काही दिवसांनी डिंकासारखे होते. (या तेलाने भिजलेले फडके बोळा करून टाकू नये, पसरून वाळवावे, सुकताना त्यातून उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेटू शकतो.) खोबरेल तेलाची तऱ्हा आणखी निराळी. माझ्या मेहुण्यांनी त्यांच्या चाकूला भर उन्हाळ्यात खोबरेल लावले आणि पाते लोण्यासारखे फिरते म्हणून कौतुकाने दाखवले. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, आणि नागपूरच्या डिसेंबरची पहाट त्याच्या निम्म्यावर येते. नाताळच्या सुट्टीत तोच चाकू घेऊन ते माझ्याकडे आले, तेव्हा तो आधी उन्हात ठेवावा लागला. शिवणयंत्राचे तेल खनिज असते, ते सुकतही नाही आणि गोठतही नाही. बाबांना यामागचे रसायन ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण आईच्या मशीनच्या खणातली ती लहान बाटली आम्ही तिघेही वापरत आलो.

तिसरा चाकू माझा, स्क्रूंनी जोडलेला आणि म्हणून खोलता येणारा. याच्या मुठीच्या आत पोलादाच्या दोन पातळ पट्ट्या असतात आणि त्यांतल्या एकीची जीभ आतल्या बाजूला वाकवलेली असते. पाते पूर्ण उघडले की ही जीभ उसळून पात्याच्या बुडामागे येऊन टेकते आणि पाते मिटू देत नाही. स्क्रूंची डोकी साधी नसून सहा पाकळ्यांच्या चांदणीची असतात. मधल्या खिळ्याला टी-८ आणि मुठीला टी-६ मापाचे टोक लागते, आणि टी-६ ही चांदणी तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असते. पहिल्यांदा हे काम करताना मी रस्त्यावर मिळणारा बत्तीस टोकांचा स्वस्त संच वापरला आणि एका स्क्रूच्या पाकळ्या गुळगुळीत करून टाकल्या. चूक निव्वळ टोकाचीही नव्हती. कारखान्यात या स्क्रूंच्या आट्यांना थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल पडू न देणारे चिकट रसायन, लावलेला असतो, आणि तो न सोडवता मी नुसता जोर लावत होतो. आता मी सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर दहा-पंधरा सेकंद टेकवतो. आतला थर नरम पडतो, मग टोक पूर्ण खोल बसवून, वरून दाब देऊन सावकाश पिळले की एक बारीक ‘टक्’ येते आणि स्क्रू सुटतो.

त्याआधी करायची गोष्ट म्हणजे धारेवर कागदी चिकटपट्टी लावणे, कारण खोललेला चाकू हा मूठ नसलेला चाकू असतो आणि तो कसा पकडायचा हे हाताला माहीत नसते. मग खिशाला अडकवायची क्लिप, मुठीचे स्क्रू आणि सर्वांत शेवटी मधला खिळा. प्रत्येक स्क्रू मी धोतराच्या तुकड्यावर तो चाकूत जिथे होता त्याच जागी ठेवतो, कारण त्यांच्या लांबीत फरक असतो आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो पलीकडे पात्याला घासतो. वरची पट्टी उचलताना श्वास रोखायचा. याच क्षणी एका वर्षी पाते अडवणारी तीन-चार मिलिमीटर जाडीची नळकांडीसारखी खीळ माझ्या नकळत घरंगळली. उघडणारे पाते सरळ रेषेत थांबते ते या खिळीवर आदळून, हे मला तेव्हा माहीत नव्हते. चाकू जोडून मी पाते उघडले आणि ते सरळ होऊन थांबण्याऐवजी उलट बाजूला झुकत गेले, मान मोडलेल्या पाखरासारखे. खीळ सापडली ती पुढच्या पावसाळ्यात, कूलर उचलून माळ्यावर टाकताना, त्याच्या पायाखाली, विटकरी रंगाची. मधले महिने चाकू खणात पडून होता. परात तेव्हापासून आली. परातीला काठ असतो.

पाते निघाले की दोन्ही बाजूंचे वॉशर दिसतात. माझ्या चाकूत ते फॉस्फर ब्राँझचे, जुन्या तांब्याच्या पैशाच्या रंगाचे आहेत, आणि जिथे पाते त्यांवर फिरते तिथे एक चकचकीत वर्तुळ पडलेले आहे. पहिल्या वर्षी ते तुटक होते, आता जवळजवळ पूर्ण झाले आहे. चाकू नवा असताना जो अडखळतो आणि वर्षभराने मऊ चालू लागतो, तो या वर्तुळामुळे. यंदा त्यावर काळ्या तेलाची काजळी होती आणि काजळीत कुंकू. पांढऱ्या धोतरावर वॉशर टेकवला तर त्याचा ठसा उमटला, आत काळा आणि कडेने लाल, एखाद्या कचेरीचा शिक्का असावा तसा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून मी वॉशर, पाते आणि पट्ट्या पुसल्या. बाबा याला रॉकेल वापरत. पट्टीच्या जिभेवर मोहरीएवढा एक गोळा बसवलेला असतो, मिटलेल्या पात्याच्या खळग्यात तो जाऊन बसतो आणि खिशात पाते आपोआप उघडू देत नाही. त्या खळग्यातला मळ टूथपिकने काढावा लागतो, आणि तो नेहमीच अपेक्षेहून जास्त निघतो.

तेल द्यायचे ते वॉशरांना आणि त्या खळग्याला, तेही टूथपिकच्या टोकाने. जीभ पात्याला जिथे टेकते ती जागा कोरडीच ठेवायची; तिथे तेल गेले तर जीभ सरकू शकते आणि पाते बोटांवर मिटते. थ्रेडलॉकर मी निळा वापरतो, लाल नव्हे, कारण लाल पुन्हा सुटायला फार छळतो. त्याची बाटली पहिल्यांदा घेतली तेव्हा ती अर्धीच भरलेली पाहून मी सीताबर्डीच्या दुकानदाराशी हुज्जत घातली होती. हवा असते तोवर हे रसायन द्रव राहते आणि धातूच्या आट्यांमध्ये हवा तुटली की घट्ट होते, म्हणून बाटलीत जागा मुद्दाम सोडलेली असते, हे घरी येऊन वाचल्यावर मी बरेच महिने त्या गल्लीने गेलो नाही.

मग जुळवणी. सगळे स्क्रू आधी सैलसर बसवायचे, मग मुठीचे आवळायचे आणि मधला खिळा शेवटी. तो मी पाते हलेनासे होईपर्यंत पिळतो आणि तिथून मागे येतो, एका फेऱ्याचा आठवा भाग, कधी त्याच्याही निम्मा. प्रत्येक वेळी पाते उघडायचे, चिमटीत धरून बाजूला ढकलून पाहायचे, मिटायचे, आणि मिटलेले पाते दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये उभे आहे का हे खिडकीच्या उजेडाकडे धरून बघायचे. यंदा या एका स्क्रूला मला पाऊण तास लागला. खेळ नाही आणि अडकतही नाही अशी जागा सापडली, म्हणून मी मुठीचा एक स्क्रू जरासा अधिक आवळला, तर ती जागा हातातून गेली. मुलगी म्हणाली, ‘बाबा, एवढं तर चालतं.’ चालले असते. मोसंबी तेवढ्यानेही कापली गेली असती. पण बोटांना जे एकदा कळले आहे ते त्यांच्याकडून विसरून घेता येत नाही, आणि परातीशी बसलेल्या माणसाला वेळेचा हिशेब विचारण्यात अर्थही नसतो. अखेर पाते अंगठ्याच्या एका स्पर्शाने सुटले, आवाज न करता फिरले आणि जीभ ‘खट्’ करून बसली. थ्रेडलॉकर पक्का होण्यासाठी चाकू मी दुसऱ्या दिवसापर्यंत उघडाच ठेवला.

बाबांच्या चाकूला त्याच संध्याकाळी कोमट पाण्यातून काढले. पाणी गुलाबी झाले, मग स्वच्छ झाले. वाळल्यावर तो उजेडाकडे धरला, तर पाठीची स्प्रिंग आणि शिसवाची फळी यांच्या फटीत केसाएवढी लाल रेघ होती. ती यंदाच्या कुंकवाची नव्हे. यंदाचे पाण्यात गेले होते. ती आतवर कुठपर्यंत गेली आहे हे रिवेट उडवल्याशिवाय दिसणार नाही. पाते चिमटीत धरून हलवले, थोडा खेळ होता. हातोडी खणातच राहू दिली आणि खिळ्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला.